शाळा म्हणते ‘शॅडो टीचर आणा’, घरचे म्हणतात ‘शिक्का नको’: दुसरीतल्या मुलासाठी नेमके काय करावे?

गोदाकाठ

नमस्कार. आमचा मुलगा साडेसात वर्षांचा असून गंगापूर रोड परिसरातील एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकतो. दोन वर्षांपूर्वी बालविकासतज्ज्ञांनी त्याला सौम्य स्वरूपाची स्वमग्नता (ऑटिझम) आणि तिच्या जोडीला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे व अतिचंचलता, असल्याचे निदान केले. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ऑक्युपेशनल थेरपी आणि एकदा स्पीच थेरपी सुरू आहे. तो बोलतो, वाचतो, आणि आकडे तर त्याच्या आमच्यापेक्षा पक्के लक्षात राहतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे आणि पाणी गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत आले की कमरेपर्यंत, हे तो रोज सकाळी घरात जाहीर करतो. मात्र मधल्या सुट्टीची घंटा वाजली की दोन्ही कानांवर हात ठेवून बाकाखाली जाऊन बसतो, फळ्यावरचे उतरवून घेताना निम्म्यावर थांबतो, आणि वेळापत्रकातला तास ऐनवेळी बदलला तर इतका रडतो की सगळा वर्ग थांबतो.

मागील महिन्यात शाळेने आम्हा दोघांना बोलावून घेतले. पुढच्या सत्रापासून पूर्ण वेळ शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्या शेजारी बसून त्याला मदत करणारी शिक्षिका, स्वखर्चाने आणावी, अन्यथा ‘त्याच्या हिताची’ दुसरी शाळा पाहावी, असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले. अशा शिक्षिकेचा पगार माझ्या पगाराच्या जवळपास निम्मा होतो. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात, त्यामुळे दर आठवड्याला त्यांची वेळ बदलते आणि थेरपीची ने-आण बहुतेक माझ्याकडेच असते.

घरातला प्रश्न वेगळा आहे. थेरपिस्ट बाईंनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्या असे सुचवले, परंतु सासूबाईंचे म्हणणे असे की एकदा कागदावर शिक्का बसला की तो जन्मभर पुसला जात नाही, आणि मुलगा ‘सुधारत’ असताना आपणच त्याच्या कपाळावर तो का मारून घ्यावा. त्यांचे त्याच्यावर आमच्याइतकेच प्रेम आहे, म्हणून त्यांना उत्तर देणे मला अधिक अवघड जाते. शाळेला काय उत्तर द्यावे, प्रमाणपत्र घ्यावे का, आणि सौम्य स्वमग्नतेला ते मिळते तरी का, या बाबतीत अनुभवी पालकांनी व शिक्षकांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

विशेष शिक्षिका

ताई, मी चौदा वर्षे विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे आणि सध्या एका सर्वसाधारण शाळेच्या संसाधन कक्षात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी शाळेशी झालेले बोलणे कागदावर आणा. ‘अमुक तारखेच्या बैठकीत आम्हाला असे सांगण्यात आले, आमच्या समजण्यात काही चूक असल्यास कृपया कळवावे’ असा चार ओळींचा सौम्य ई-मेल मुख्याध्यापकांना पाठवा. त्यात रागाचा एकही शब्द नको आणि कायद्याचे कलमही नको. तोंडी जे सहज बोलले जाते ते लेखी मान्य करताना शाळा दहा वेळा विचार करते, आणि अनेकदा दुसऱ्या बैठकीत सूर आपोआप खाली येतो. त्या बैठकीला वर्गशिक्षिका हजर असावी असा आग्रह मात्र धरा, कारण मुलाचा दिवस तिच्या हातात असतो, व्यवस्थापनाच्या नाही.

कायद्याविषयी बोलायचे तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा असून तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातील एकवीस प्रकारांमध्ये स्वमग्नता स्पष्टपणे येते. कलम १६ मध्ये भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी आणि वर्गातील सहभाग यांची अपेक्षा मांडलेली आहे, आणि ती शासनमान्य खासगी शाळांनाही कवेत घेते. मात्र त्या कलमाची भाषा नीट वाचली तर लक्षात येते की शासन व स्थानिक प्राधिकरणे तसा ‘प्रयत्न करतील’ असे तेथे म्हटले आहे. या एका शब्दामुळे किती पालक तोंडघशी पडतात हे मी पाहिले आहे. कलम ३१ अधिक ठाम आहे: चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीनुसार, मोफत शिक्षणाचा हक्क ते देते. म्हणजे प्रमाणपत्राशिवाय तुम्ही केवळ विनंती करणाऱ्या पालक असता. ते हातात आल्यावर तुमच्या शब्दाला आधार मिळतो.

सौम्य निदान असले म्हणजे चाळीस टक्के मिळणार नाहीत, हा समज मी शंभर वेळा तरी ऐकला असेल. स्वमग्नतेसाठी आपल्याकडे आयएसएए ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस बाबी असून प्रत्येकीला एक ते पाच गुण असतात, त्यामुळे एकूण गुण ४० ते २०० या दरम्यान येतात. सत्तरपासून सौम्य स्वमग्नता धरली जाते आणि त्या पायरीवरच चाळीस टक्के लागतात. तपासणीच्या वेळी आईवडील प्रेमापोटी ‘आता खूप कमी झाले आहे, आता तसे करत नाही’ असे म्हणत राहतात, आणि कागदावर मूल घरच्यापेक्षा भलतेच शांत उतरते. तुम्ही त्याचा सर्वांत चांगला दिवस सांगू नका, सर्वांत वाईटही नको. नेहमीचा मंगळवार जसा जातो तसा सांगा.

आता शॅडो टीचरविषयी. माझे मत इथे अनेकांना पटणार नाही, तरी लिहिते. जे मूल वाचते, बोलते आणि ज्याच्या अडचणी ठरावीक क्षणांशी जोडलेल्या आहेत, त्याच्या शेजारी दिवसभर एक मोठे माणूस बसवले तर वर्गशिक्षिका त्या मुलाकडे बघणेच सोडून देते आणि वर्गमित्रही त्याच्याशी त्या बाईंमार्फत बोलू लागतात. तुम्ही लिहिलेल्या तीनही अडचणींवर माणसाशिवाय उपाय आहेत. घंटेपूर्वी दोन मिनिटे त्याला हजेरीपट घेऊन कार्यालयात पाठवता येते, किंवा कानांवर लावायचे आवाजरोधक हेडफोन दप्तरात ठेवता येतात. फळ्यावरचे उतरवण्याऐवजी त्याला छापील प्रत देऊन त्यातील मोकळ्या जागा भरायला सांगता येतात. नजर फळ्यावरून वहीवर आणि पुन्हा फळ्यावर नेण्यातच त्याची सगळी शक्ती संपत असेल, तर ती शक्ती उत्तरासाठी वाचते. तास बदलणार असल्यास सकाळीच बाकाच्या कोपऱ्यावरील चित्रांच्या वेळापत्रकात एक चित्र बदलून दाखवायचे. या सगळ्याला एका शिक्षिकेचा अर्धा पगार लागत नाही. एका बाईंची तयारी लागते.

हे सारे वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात लिहून घ्या, म्हणजे कोण काय करणार आणि तीन महिन्यांनी काय तपासणार हे ठरते. आराखडा बनवणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे तिचा नोंदणी क्रमांक मागून पाहा. विचारायला संकोच करू नका. आम्हाला त्याचा राग येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांच्यापासून दूर राहिलेले बरे.

आणि हो, क्युसेक. विसर्गाचे आकडे लक्षात ठेवणाऱ्या मुलाला वजाबाकी शिकवण्यासाठी सफरचंदांची गरज का पडावी, हे माझ्या व्यवसायातील लोकांना कधी तरी विचारायला हवे.

सातपूरकर

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु त्यातील ‘एका बाईंची तयारी’ हे वाक्य जितके सोपे वाटते तितके ते नाही. आमची मुलगी स्वमग्न आहे. तिच्यासाठी आम्ही दीड वर्ष एका खासगी शाळेला ई-मेल पाठवत होतो. उत्तरे अत्यंत सभ्य येत असत, आणि मुलगी मात्र रोज पोट दुखते म्हणून घरी राहत असे. शेवटी तिला आम्ही घराजवळच्या मराठी माध्यमाच्या महापालिका शाळेत घातले. नातेवाइकांनी तोंडे वाकडी केली, कारण इंग्रजी माध्यमातून महापालिकेत जाणे म्हणजे आमच्याकडे दिवाळे निघाल्यासारखेच मानले जाते.

तेथील सगळे सोन्यासारखे होते असे मी म्हणणार नाही. समग्र शिक्षा अभियानाखालील फिरत्या विशेष शिक्षिका शाळेत येतात, परंतु त्यांच्याकडे अनेक शाळा असतात, आणि एखाद्या आठवड्यात त्या आल्याच नाहीत असेही होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. ते आमच्या शाळेच्या दारापर्यंत अजून पोहोचलेले नाही. परंतु तिच्या वर्गातील बाईंनी पहिल्याच दिवशी मला विचारले, ‘ती घाबरते तेव्हा तुम्ही घरी काय करता?’ दीड वर्षात हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. मी सांगितले की आम्ही तिच्या हातात मऊ रुमाल देतो. दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या टेबलाच्या खणात एक रुमाल घडी करून ठेवलेला असे.

ताईंना एकच सांगतो. मुलाची शाळेत यू-डायस प्लस या शासनाच्या शाळा-विद्यार्थी माहिती प्रणालीमध्ये विशेष गरजा असलेला विद्यार्थी म्हणून नोंद झाली आहे का, ते विचारा. खासगी शाळाही ही माहिती भरतात आणि अनेक ठिकाणी हा रकाना रिकामाच राहतो. नोंद नसलेले मूल शाळांमार्फत मिळणाऱ्या शासकीय योजनांच्या हिशेबात सहसा येत नाही. शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग बालके वंचित गटात येतात आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नसते, परंतु तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गातच होतो, त्यामुळे दुसरीतल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. धाकटे भावंड असल्यास लक्षात ठेवावे, इतकेच.

मखमलाबाद

सातपूरकरांशी सहमत, आणि एक पाऊल पुढे जाऊन लिहितो. आमचा मुलगा विशेष शाळेत आहे आणि तो तेथे आनंदात आहे. तो बोलत नाही आणि त्याच्या गरजा जास्त आहेत, त्यामुळे ताईंच्या मुलाला हे लागू पडते असे मी म्हणत नाही. परंतु अशा प्रत्येक चर्चेत विशेष शाळा म्हणजे शेवटची पायरी अशा सुरात लिहिले जाते, ते आम्हाला लागते. ‘दुसरी शाळा पाहा’ असे हाकलण्याच्या सुरात म्हणणे चूक आहे, शाळा वेगळी असणे चूक नाही.

दहावीचा पालक

माझा अनुभव वाट चुकलेल्या माणसाचा आहे, तेवढाच उपयोगी पडावा. आमच्या मुलाला अध्ययन अक्षमता, म्हणजे लेखन-वाचनाची अडचण, आहे हे आम्हाला सातवीत कळले. तोपर्यंत त्याला ‘आळशी’ म्हणणाऱ्यांत मीही होतो. प्रमाणपत्र नको म्हणून आम्ही आणखी दोन वर्षे घालवली आणि नववीच्या शेवटी धावपळ सुरू केली. तेव्हा जिल्हा रुग्णालयातील तारखा, मानसशास्त्रीय चाचणी, शाळेचे पत्र, मंडळाचा अर्ज हे सगळे एकमेकांत अडकत गेले. एका कागदावर मुलाच्या नावात वेलांटी चुकली म्हणून महिना गेला. मिळाले सगळे, परंतु मुलाच्या चेहऱ्यावर त्या वर्षीचा ताण मी अजून विसरलेलो नाही.

मंडळाच्या परीक्षेत त्याला तासाला वीस मिनिटे जादा वेळ मिळाला, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घ्यायचा असेल तर तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो, आणि त्याच्याबरोबर सराव न करता परीक्षेला बसणे हे अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसून कसारा घाट उतरण्यासारखे आहे. आम्ही दिवाळीनंतर दर रविवारी शेजारच्या आठवीतल्या मुलीला बसवून दोघांचा सराव घेतला. तिला चांगली मिसळ खाऊ घालावी लागली, तो खर्च वेगळा.

एक गोष्ट ताईंनी विशेष लक्षात घ्यावी. एडीएचडी त्या एकवीस प्रकारांत स्वतंत्रपणे येत नाही. तुमच्या मुलाचे प्रमाणपत्र स्वमग्नतेचे निघेल, म्हणून अहवालात ते निदान ठळकपणे आणि संबंधित तज्ज्ञांच्या सहीशिक्क्याने आलेले असू द्या. पुढे त्याला लेखन-वाचनाची वेगळी अडचण जाणवली तर अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यानंतरच दिले जाते, त्यामुळे त्यासाठी आत्ता घाई करण्यात अर्थ नाही.

पैशांचा प्रश्न तुम्ही मांडला आहे म्हणून सांगतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, त्यात थेरपीचा काही खर्चही धरला जातो, आणि आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही. आमच्या मुलाची अध्ययन अक्षमता या चार गटांत बसत नाही, म्हणून आम्हाला ती मिळाली नाही. तुम्हाला मिळू शकते. पावत्या आजपासूनच एका फाइलमध्ये लावायला घ्या. थेरपिस्ट कच्च्या चिठ्ठीवर पैसे घेत असतील तर पक्की पावती मागा.

नाशिकरोडची आजी

मला तुमच्या सासूबाईंशी बोलायचे आहे, तुमच्याशी नाही. शक्य झाल्यास त्यांना हे वाचून दाखवावे.

वहिनी, मीही माझ्या सुनेला हेच म्हटले होते. माझा नातू आता अकरा वर्षांचा आहे. आपल्या पिढीने काय पाहिले ते तुम्हालाही आठवत असेल. आमच्या जुन्या नाशकातल्या वाड्यात एका घरी असा मुलगा होता. पाहुणे आले की त्याला माडीवर नेऊन ठेवत. त्याचे नाव आम्हा मुलांना कधी कळलेच नाही. अशा काळात, १९७७ साली, रजनीताई लिमये यांनी याच गावात मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनी सुरू केली. तेव्हा ‘मतिमंद’ हाच शब्द होता, आज तो वापरत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या घरात तसा मुलगा होता, आणि त्यांनी त्याला माडीवर ठेवले नाही. माझे त्या वेळी नुकतेच लग्न झाले होते आणि लोक काय बोलत ते मी ऐकलेले आहे. बोलणारे गेले, शाळा राहिली.

शिक्का आपण मारत नाही हो, तो लोकांनी कधीच मारलेला असतो. माझ्या नातवाला सोसायटीत ‘वेडा’ आणि शाळेत ‘बिघडलेला’ म्हणत होते, तेव्हा आमच्याकडे कोणताही कागद नव्हता. मागच्या वर्षी रंगपंचमीला रहाडीजवळच्या, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळच्या, ढोलांच्या आवाजाने तो रस्त्यातच खाली बसला. पूर्वी मी शरमेने त्याला ओढत नेले असते. त्या दिवशी त्याच्याजवळ बसले आणि जमलेल्या लोकांना सांगितले, ‘याला आवाज सोसत नाही, जरा जागा द्या.’ त्यांनी जागा दिली. काय म्हणायचे ते मला ठाऊक होते, कारण त्याला काय होते ते मला डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलेले होते.

तो कागद कपाटात ठेवायचा असतो. लागेल तेव्हा काढायचा, नाही लागला तर पडून राहू द्यायचा.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण मध्ये बरेच काही घडले.

ई-मेल पाठवला. चार ओळींचाच, आणि विशेष शिक्षिका ताईंनी सांगितल्याप्रमाणे कलमाविना. आठ दिवस काहीच उत्तर आले नाही, नंतर बैठकीचे निमंत्रण आले. पूर्ण वेळ शॅडो टीचर हा ‘केवळ एक पर्याय’ म्हणून सुचवला होता, असे आता शाळेचे म्हणणे आहे. वाद घातला नाही. तीन महिन्यांसाठी आराखडा ठरला आहे: घंटेपूर्वी तो हजेरीपट घेऊन जातो, छापील प्रती मिळतात, आणि आवाजरोधक हेडफोन वर्गात लावायला परवानगी आहे. चित्रांचे वेळापत्रक पहिले दोन आठवडे व्यवस्थित चालले, नंतर स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या आणि ते बंद पडले. परिणामी मंगळवारी मोठा गोंधळ झाला व मला कामावरून जावे लागले. वर्गशिक्षिका त्या दिवशी माझ्यावर नाराज होत्या की स्वतःवर, ते मला कळले नाही. परंतु बुधवारी चित्रे पुन्हा लागली होती. यू-डायसमधील नोंद केलेली नव्हती. ती आता होत आहे.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला असून वैद्यकीय मंडळासमोर जाण्याची तारीख मिळण्याची वाट पाहत आहोत. आजींचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, उठून देवघरात गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले की रुग्णालयात किती वेळ बसावे लागेल, कारण त्याला त्याच्याच डब्यातला दहीभात लागतो आणि तो त्या बरोबर घेणार आहेत. ‘नेहमीचा मंगळवार सांगा’ हे वाक्य मी त्यांना समजावले, तेव्हा त्या म्हणाल्या की मंगळवारचे मीच सांगते, शाळा सुटल्यावर तो माझ्याजवळच असतो.

एक प्रश्न राहिला आहे. मुलाला स्वतःला हे कधी आणि कोणत्या शब्दांत सांगावे? परवा त्याने विचारले की हेडफोन फक्त मलाच का. मी म्हटले की तुझे कान इतरांपेक्षा जास्त ऐकतात. त्यावर त्याने विचारले की किती जास्त, आणि तो आकडा माझ्याकडे नव्हता. ज्यांनी आपल्या मुलांना हे सांगितले आहे त्यांनी कृपया लिहावे.